इंडिपेन्डन्स डे : रिसर्जन्स – वीस वर्षांची वाट आणि दोन तासांची घाई

निळीशाई

(या धाग्यात दोन्ही चित्रपटांच्या कथेचा शेवटासकट उलगडा आहे. पाहायचे असतील तर आधी पाहून या.)

‘रिसर्जन्स’, म्हणजे परग्रहवासीयांच्या हल्ल्यावरच्या ‘इंडिपेन्डन्स डे’चा दुसरा भाग, २०१६ च्या जूनमध्ये प्रदर्शित झाला त्याच आठवड्यात पाहिला होता. बाहेर पडताना इतकं रितं वाटत होतं की कुणाशी त्यावर बोलावंसंही वाटलं नाही. नंतर अनेकदा मनात आलं, आपणच फार अपेक्षा ठेवल्या होत्या का? मूळ चित्रपट पाहिला तेव्हाचं वय वेगळं होतं, त्याचा तर हा परिणाम नाही ना? म्हणून या शनिवारी १९९६ चा ‘इंडिपेन्डन्स डे’ आणि पाठोपाठ ‘रिसर्जन्स’ असे दोन्ही सलग पाहिले. अपेक्षा वगैरे काही नाही. दुसऱ्या चित्रपटात काय हरवलंय ते आता बोट ठेवून दाखवता येतं.

मूळ चित्रपटाचा पहिला पाऊण तास आठवा. सुरुवात चंद्रावर होते. माणसाच्या बुटांचे ठसे, तिथे ठेवून आलेली पाटी, आणि त्यावरून सरकत जाणारी एक सावली. धूळ थरथरते, ठसे पुसट होतात. मग पृथ्वीवर कुठेतरी एक यंत्र टिकटिकू लागतं, कुणीतरी झोपेतून उठून फोन उचलतो, राष्ट्राध्यक्ष अंथरुणात बसून बायकोशी बोलतो. ढग पेटल्यासारखे दिसतात आणि त्यातून ती चोवीस किलोमीटर रुंदीची यानं बाहेर येतात. येतात आणि थांबतात! कुणी गोळी झाडत नाही. रस्त्यावर गाड्या जागच्या जागी थांबतात, माणसं दारं उघडून बाहेर येतात आणि वर बघत राहतात. सावली एकेक इमारत गिळत पुढे जाते.

आणि मग उपग्रह-तंत्रज्ञ डेव्हिडला उपग्रहांच्या गोंधळात लपलेला तो संकेत सापडतो. तो दर फेरीला आकसतोय, म्हणजे ही उलटी मोजणी आहे. त्या क्षणापासून आपल्याला कळलेलं असतं आणि शहराला कळलेलं नसतं. लॉस एंजेलिसच्या गच्चीवर स्वागताच्या पाट्या घेऊन नाचणारी माणसं आपण पाहतो, आणि त्यांना तिथून खाली उतरा असं ओरडून सांगावंसं वाटतं. शेवटी तो झोत खाली येतो तेव्हा घशाला कोरड पडलेली असते.

आता २०१६. या वेळचं यान सुमारे ४,८०० किलोमीटर रुंद. ते येतं, चंद्रावरचा तळ उडवतं, त्याच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आशियातली शहरं मुळासकट उचलली जातात आणि लंडनवर आपटतात. अमेरिकेचा पूर्व किनारा समुद्राखाली जातो. हे सगळं किती वेळात? चहा निवावा इतक्या वेळात. आणि त्यात एकाही माणसाची वर बघणारी नजर नाही. लंडन कोसळत असताना डेव्हिड एक विनोद करतो, यांना प्रसिद्ध वास्तूच बऱ्या आवडतात अशा अर्थाचा, आणि चित्रपट पुढे निघून जातो. ज्या शहरात आपण एकालाही ओळखत नाही ते शहर पडलं तर आपल्याला काय वाटणार?

सगळ्यात जास्त दुखलं ते जस्मिनचं, म्हणजे मूळ चित्रपटातल्या वैमानिक नायकाच्या (विल स्मिथच्या) प्रेयसीचं. मूळ चित्रपटात ती मुलाला छातीशी धरून बोगद्यातल्या एका खोलीचं दार लाथेने उघडते, मागून आगीचा लोळ येतोय, कुत्रा उडी मारून आत येतो. नंतर एक मोठा ट्रक मिळवून ती वाटेतल्या जखमींना गोळा करत फिरते. त्याच बाईला दुसऱ्या भागात रुग्णालयाच्या गच्चीवर उभं करून काही क्षणांत मारून टाकलंय. एका आईला आणि तिच्या तान्ह्या बाळाला आधी वाचवते आणि स्वतः खाली जाते. तिचा आता मोठा झालेला मुलगा डिलन विमानातून हे पाहतो. त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा किती टिकतो ते पाहा. पुढच्या प्रसंगात तो लढायला तयार. शोक करायला त्याला वेळच दिलेला नाही, आणि आपल्यालाही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मूळ चित्रपट आपल्याला वाट पाहायला लावायचा आणि या चित्रपटाला वाट पाहण्याची भीती वाटते. बाकी सगळे दोष त्यातून आलेत. तुम्हाला काय वाटतं?

---

गणिती

पूर्ण सहमत. आकाराबद्दल मला राहवत नाही, म्हणून थोडी आकडेमोड.

मूळ चित्रपटातलं मुख्य यान ५५० किलोमीटरचं, वजन चंद्राच्या एक चतुर्थांश, असं त्यातच सांगतात. तेही अतिच आहे, पण ते दूर अंतराळात राहतं. शहरांवर येतात ती २४ किलोमीटरवाली. २४ किलोमीटर ही लांबी आपल्या डोक्यात मावते, एका मोठ्या शहराएवढी. म्हणून सावली शहरावर पडली हे वाक्य डोळ्यांना दिसतं.

४,८०० किलोमीटर म्हणजे किती? चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर आहे. म्हणजे चंद्राहून रुंद वस्तू पृथ्वीवर उतरली! पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरा. एवढी सपाट तबकडी मधोमध जमिनीला टेकवली, तर पृथ्वी गोल असल्यामुळे तबकडीच्या कडा जमिनीपासून साधारण ४३७ किलोमीटर वर राहतील. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फिरतं ते जवळपास ४०० किलोमीटरवर. म्हणजे समुद्राकाठी उभ्या असलेल्या माणसाला यानाची कड आकाशात दिसायचीही मारामार. यान वाकडं असेल, पायांवर उभं असेल, मान्य. पण एवढी मोठी वस्तू एका चौकटीत मावतच नाही. ती दिसायची तर कॅमेरा अंतराळात न्यावा लागतो, आणि तिथून माणूस दिसत नाही. तुम्ही म्हणता ती वर बघणारी नजर या चित्रपटात नाही, त्याचं मला हेच कारण वाटतं. आकार निवडला तेव्हाच नजर गेली.

गाभ्याचंही तसंच. या वेळी परग्रहवासी पृथ्वीचा गाभा काढून न्यायला खणत असतात. बाहेरचा द्रवरूप गाभा जमिनीखाली साधारण २,९०० किलोमीटरवर सुरू होतो. माणसाने आजवर खणलेलं सगळ्यात खोल भोक रशियातल्या कोला इथलं, १२ किलोमीटरच्या थोडं वर, आणि त्याला १९७० पासून एकोणीस वर्षं लागली. परग्रहवासी काही तासांत गाभ्यापर्यंत पोचतात, ठीक आहे, ते पुढारलेले आहेत. पण किती खाली गेले हे पडद्यावर फक्त आकड्यात दिसतं. जमीन कुठे हादरत नाही, होकायंत्राची सुई भरकटत नाही, आकाशात काही बदलत नाही. गाभा गेला की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जाणार असं पात्रं नुसतं तोंडाने सांगतात. उलटी मोजणी इथेही आहे, पण ती कुणाच्या अंगावर येत नाही.

---

पायवाट

+१. जस्मिनबद्दल तर शब्द न शब्द पटला. जस्मिन झालेल्या विव्हिका फॉक्सला परत बोलावलं तेव्हा फार आनंद झाला होता.

---

जुनाप्रेक्षक

निळीशाई, लेख मनापासून लिहिलाय, पण मी थोडी दुसरी बाजू मांडतो. मला ‘रिसर्जन्स’ तेवढा वाईट वाटत नाही.

पहिली गोष्ट, जगाची मांडणी. १९९६ च्या हल्ल्यानंतर सगळे देश एकत्र आले, शत्रूच्या यानांतून मिळालेल्या तंत्रावर विमानं बनली, चंद्रावर तळ उभा राहिला, वीस वर्षं देशादेशांत युद्ध नाही. किती चित्रपट अशी कल्पना करतात? बहुतेक दुसऱ्या भागांत पहिल्या भागातल्या विजयाचा कुणावर काही परिणामच झालेला नसतो. इथे तो दिसतो.

दुसरी गोष्ट, डॉक्टर ओकुन आणि डॉक्टर आयझॅक्स. वीस वर्षं बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या उशाशी बसून दुसरा माणूस रोज झाडांना पाणी घालतो, त्याच्यासाठी विणतो. ओकुन जागा होतो तेव्हाचा आयझॅक्सचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ओकुन झालेला ब्रेंट स्पायनर तर सगळा चित्रपट खांद्यावर घेतो.

तिसरी गोष्ट, मूळ चित्रपटाला आपण जरा जास्तच सांभाळून घेतो. पृथ्वीवरच्या एका साध्या संगणकातून परग्रही यानात विषाणू सोडायचा, हे तेव्हाही कुणाला पटलं नव्हतं.

---

निळीशाई

जुनाप्रेक्षक, आयझॅक्सबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. म्हणून तर जास्त वाईट वाटतं. आयझॅक्स मरतो, ओकुन त्याच्याजवळ कोसळतो आणि लगेच कापून लढाई. ते दोघं म्हणजे या चित्रपटातली एकमेव प्रेमकथा जी खरी वाटते, आणि तिलाही निरोपाला मिनिटभर मिळालं नाही.

विषाणूचं मात्र मला वेगळं वाटतं. तर्काने तो लंगडाच आहे, नाही म्हणत नाही. पण तो प्रसंग कसा येतो पाहा. डेव्हिड हरलाय, प्यायलाय, तळघरात जमिनीवर बसलाय. म्हातारा बाप येतो आणि म्हणतो, उठ, फरशी गार आहे, सर्दी होईल. त्या सर्दीवरून डेव्हिडला विषाणू सुचतो. म्हणजे जगाला वाचवणारी कल्पना एका बापाच्या काळजीतून आलीय. तर्क लंगडला तरी माणूस उभा आहे, म्हणून आपण त्याच्याबरोबर चालतो. ‘रिसर्जन्स’मध्ये उपाय सुचतात ते नकाशे आणि पडदे पाहून. परग्रहवासीयांच्या राणीला मारलं की बाकीचे निघून जातील, असं कुणीतरी सांगतो आणि सगळे माना डोलावतात.

आणि त्याच बापाला, ज्युलियसला, या वेळी त्सुनामीत होडीवर बसवून, मग मुलांबरोबर शाळेच्या बसमध्ये बसवून नुसतं फिरवलंय. जड हर्शसारखा नट हाताशी असताना!

---

पडद्यामागे

मला यातल्या करामतींची आवड आहे म्हणून त्या बाजूने लिहितो.

मूळ चित्रपटात व्हाइट हाउस उडतं ती प्रतिकृती होती. सुमारे तीन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच, प्लॅस्टरची. स्फोट नेहमीपेक्षा कितीतरी पट वेगाने चालणाऱ्या कॅमेऱ्यांनी टिपला, म्हणजे पडद्यावर तो संथ आणि जड दिसतो. छोटी वस्तू छोटी दिसू नये म्हणून हे करावं लागतं. अशी प्रतिकृती एकदा उडाली की उडाली, परत जोडता येत नाही. म्हणून उडवण्याआधी शंभर वेळा विचार होतो.

रस्त्यावरून धावत येणारी आगीची भिंत तर मला आजही थक्क करते. आग वर चढते, आडवी धावत नाही. मग त्यांनी काय केलं, तर रस्त्याची प्रतिकृतीच आडवी न ठेवता खडी उभी केली, कॅमेरा वर लावला आणि खालून स्फोट केला. आग इमारतींमधून वर चढत कॅमेऱ्याकडे आली. पडद्यावर पाहणाऱ्याला वाटतं, रस्त्यावरून आपल्या अंगावर येतेय. ती खरी आग आहे आणि ती इमारतींच्या कोपऱ्यांना खरीखुरी वळसे घेते. या कामाला दृश्य करामतींचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

आता दुःखाची गोष्ट. त्या ऑस्करच्या मानकऱ्यांपैकी व्होल्कर एंगेल आणि डग्लस स्मिथ हे दोघं ‘रिसर्जन्स’लाही होते. तीच माणसं, तेच हात, वर वीस वर्षांचा अनुभव. त्यामुळे कारागीर कमी पडले असं मी म्हणणार नाही. एकेक चित्र थांबवून पाहिलं तर काम सुंदर आहे. पण संगणकावर काहीही कितीही वेळा उडवता येतं, आणि तसं उडवलं की कशालाच वजन राहत नाही. एका व्हाइट हाउसची वाट पाहायला लावली होती, इथे खंड उचलून टाकले.

अजून एक. युटातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानात दोन्ही चित्रपटांचं चित्रीकरण झालंय. १९९६ मध्ये विल स्मिथ तिथे पॅराशूटमध्ये गुंडाळलेला परग्रहवासी ओढत नेतो, शिव्या घालतो, लाथा घालतो. जवळच्या खाऱ्या सरोवरातले कोळंबीसारखे बारीक जीव मरून कुजतात, त्याचा वास तिथे खरोखर येतो, आणि त्या वासावरचं त्याचं चिडणं त्याने आयत्या वेळी घातलेलं आहे. एक घामाघूम माणूस, एक ओझं, पांढरं मैदान. २०१६ मध्ये त्याच मैदानात डोंगराएवढी राणी शाळेच्या बसमागे धावते. दोन प्रसंग शेजारी लावून पाहा, ऊन कुठे लागतं ते कळेल.

---

उल्का

आफ्रिकेबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही?

या चित्रपटातली सगळ्यात मोठी कल्पना तिथे आहे. १९९६ मध्ये एक यान आफ्रिकेत जमिनीवर उतरलं होतं. बाकी जगाने विजय साजरा केला आणि तिथली माणसं पुढे दहा वर्षं जमिनीवर, हातघाईवर, परग्रहवासीयांशी लढत राहिली. डिकेम्बे उम्बुटु त्यातूनच तयार झालाय. शत्रूला मागून मारायचं असतं हे त्याला ठाऊक आहे, त्यांची चिन्हं तो वाचतो. डिओबिया ओपरेई नुसता उभा राहिला तरी त्या दहा वर्षांचा भार जाणवतो.

मला तो चित्रपट पाहायचा होता. जगाने ज्यांची लढाई पाहिलीच नाही त्यांचा. सगळे देश एक झाले म्हणतात, मग दहा वर्षं तिथे मदत का गेली नाही? या एका प्रश्नावर अख्खी पटकथा उभी राहिली असती. इथे दोन-चार मिनिटं आफ्रिका दिसते आणि मग उम्बुटु अमेरिकेत जाऊन दुसऱ्यांच्या कथेत मदतनीस होतो. हातातली तलवार तेवढी राहते.

---

तारकापुंज

पटकथा कशी बनली ते पाहिलं की बराच उलगडा होतो.

मूळ पटकथा दोघांची, रोलंड एमेरिक आणि डीन डेव्हलिन. ‘रिसर्जन्स’च्या पटकथेवर पाच जणांची नावं आहेत. आधी बेत होता एकाच दमात दोन भाग काढायचा. विल स्मिथला घेऊन एक पटकथा झाली होती. मग त्याने दुसरा चित्रपट निवडला. नंतर एका मुलाखतीत एमेरिकनेच कबूल केलं की स्मिथ गेल्यावर ती जास्त चांगली पटकथा सोडावी लागली, घाईने दुसरी जुळवावी लागली, आणि तेव्हाच आपण नाही म्हणायला हवं होतं. दिग्दर्शकाने एवढं स्वच्छ बोलणं मला फार मोलाचं वाटतं. त्याला स्वतःला ते लागलेलं आहे.

घाई लांबीतही दिसते. मूळ चित्रपट १४५ मिनिटांचा, हा साधारण १२०. पात्रं जवळपास दुप्पट आणि वेळ पंचवीस मिनिटं कमी. जुनी मंडळी, त्यांची मुलं, नवा नायक जेक, त्याचा मित्र चार्ली, चिनी वैमानिक रेन, मानसतज्ज्ञ कॅथरीन, हिशेबनीस फ्लॉइड, बसमधली मुलं, समुद्रावरच्या जहाजातले खजिना शोधणारे. प्रत्येकाला दोन वाक्यं. जेक आणि डिलन यांच्यातलं भांडण काय, तर प्रशिक्षणात जेकच्या हातून डिलन मरता मरता वाचला. हे आपल्याला तोंडी सांगितलं जातं, दाखवलं जात नाही, आणि मिटतं तेही तसंच.

पैशाचं सांगायचं तर मूळ चित्रपटाचा खर्च ७.५ कोटी डॉलर, जगभरातली कमाई ८१ कोटींच्या वर. दुसऱ्याचा खर्च १६.५ कोटी आणि कमाई ३९ कोटींच्या आत. वीस वर्षांत तिकिटं किती महाग झाली ते धरलं तर फरक याहून मोठा. शेवटी ओकुन ताऱ्यांकडे लढाई न्यायची घोषणा करतो, ती तिसऱ्या भागासाठी होती. तो आजवर आलेला नाही.

---

जुनाप्रेक्षक

तारकापुंज, हे सगळं वाचून स्मिथ नव्हता म्हणून पडला असं कुणी म्हणू नये एवढीच विनंती. राष्ट्राध्यक्ष झालेला बिल पुलमन होता की. जेफ गोल्डब्लम होता. रॉबर्ट लोगिया होता, जनरल ग्रे म्हणून क्षणभर दिसतो, आणि चित्रपट यायच्या आधीच, डिसेंबर २०१५ मध्ये, तो गेला. त्याला चित्रपट अर्पण केलाय ते पाहून डोळे भरले होते माझे.

आणि दुसरा भाग मोठा केला म्हणून तो बिघडतोच असंही नाही. जेम्स कॅमेरॉनने १९८६ मध्ये ‘एलियन्स’ केला तेव्हा एका प्राण्याचे शेकडो केले होते. तरी तो टिकला.

---

निळीशाई

टिकला, कारण त्यात नायिका रिप्ली आणि ती एकटी उरलेली लहान मुलगी आहे. प्राणी शेकडो झाले तरी धास्ती एकाच मुलीची राहिली. आणि तिथेही पहिला प्राणी दिसेपर्यंत कॅमेरॉन किती थांबतो ते पाहा. हेच तर मी म्हणतेय.

तुमच्यामुळे मात्र मी पुन्हा एकदा सुरुवातीचा अर्धा तास लावून पाहिला, आणि एक गोष्ट दिसली जी लेख लिहिताना माझ्याकडून सुटली होती. ती खूण. वर्तुळ आणि त्यातून जाणारी रेघ. माजी राष्ट्राध्यक्ष व्हिटमोरला ती स्वप्नात दिसते. ओकुन जागा झाल्यावर तीच काढतो. आफ्रिकेतली माणसं तीच काढतात. परग्रहवासीयांच्या मनाशी ज्यांचा ज्यांचा संबंध आला, त्या सगळ्यांना वीस वर्षं ते वर्तुळ छळतंय. ही चित्रपटाची उलटी मोजणी होती! हातात होती!

मग चंद्राजवळ गोल यान येतं. डेव्हिड सांगतोय, थांबा, हे ते नाहीत. राष्ट्रप्रमुख मतदान करतात आणि यान पाडतात. नंतर कळतं की तो गोल म्हणजे त्याच शत्रूने नष्ट केलेल्या एका जमातीतला शेवटचा उरलेला. आपल्याला मदत करायला आला होता. शत्रूच्या मनात ज्याची भीती होती, म्हणून जो आपल्या स्वप्नात येत होता, तो मित्र दारात आला आणि आपण त्याला गोळी घातली.

यापुढे कुणालाच काही वाटत नाही. ज्यांनी मत दिलं त्यांना नाही, गोळी झाडली त्यांना नाही. गोल स्वतःही तक्रार करत नाही, उलट आपल्याला सेनापती व्हा म्हणतो. १९९६ मध्ये जे विश्वासाने गच्चीवर गेले ते मेले. २०१६ मध्ये माणसं भीतीने मित्राला मारतात. एवढी सरळ जोडणी समोर असताना पाच लेखकांपैकी एकालाही तिथे थांबावंसं वाटलं नाही, याची मला आता चीड येतेय.

---

उल्का

निळीशाई, हे लेखात टाका हो वर. हा मुद्दा प्रतिसादांत हरवायला नको.

---

गणिती

त्या मतदानाच्या प्रसंगाला किती वेळ आहे ते मोजायला मी पुन्हा पाहणार आहे.

---

सांजवात

सगळे प्रतिसाद वाचले. मला फक्त व्हिटमोरच्या मुलीबद्दल, पॅट्रिशियाबद्दल लिहायचंय.

मूळ चित्रपटात ती इवलीशी आहे. आई जखमी अवस्थेत सापडते, बाप भेटून बाहेर येतो, आणि मुलगी विचारते, आई झोपलीय का? तो हो म्हणतो. बस, एवढंच. पुलमनने ते हो ज्या आवाजात म्हटलंय त्यावर तो सगळा चित्रपट तोलला जातो. त्यानंतर त्याचं पहाटेचं ते भाषण येतं, म्हणून ते भाषण मोठं होतं. बायको गेलेला माणूस हातात भोंगा घेऊन उभा आहे हे आपल्याला माहीत असतं.

दुसऱ्या भागात ती मोठी झालीय. वैमानिक आहे, ते सोडून घरी आलीय, कारण बाप रात्री किंचाळत उठतो. दाढी वाढलेली, हातात काठी. कोणत्या वयात तिला कळलं असेल की तेव्हा आई झोपलेली नव्हती? त्या दोघांत वीस वर्षं काय बोलणं झालं असेल? मायका मन्रोकडे पाहताना मला सतत वाटत होतं की ही कथा हिची आहे.

आणि शेवटी राणीच्या यानात बॉम्ब न्यायला तीच तयार होते, आणि तिच्या जागी बाप जातो. रसेल केस या वैमानिकाने मूळ चित्रपटात आपल्या मुलांसाठी स्वतःचं विमान शत्रूच्या यानावर आदळून केलं तेच. पण रसेल जाण्याआधी मुलांना निरोप सांगतो, आणि मोठा मुलगा ऐकत असतो, तिथे सगळं थांबतं. इथे व्हिटमोर जातो, स्फोट होतो, आणि राणी जिवंतच बाहेर येते, कारण पुढची मारामारी उरलीय. पॅट्रिशिया विमानात आहे. बाप गेला हे तिला कळलंय आणि तिला वळून गोळीबार करायचाय.

मी तिथे चित्रपट थांबवला होता. पाच मिनिटं तशीच बसून होते. मग पुढचं पाहिलं.